नाशिकमध्ये डबा न लपवता जिओकॅशिंग करता येतं का?

हो, येतं. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसने शोधायचा खेळ; त्या डब्याला 'कॅश' म्हणतात. गोदाकाठी ठेवलेला तुमचा डबा दोनदा गायब झाला हे वाचून वाईट वाटलं. माझाही गेलाय. सोमेश्वरच्या बाजूला दगडांच्या सांदीत स्टीलचा डबा ठेवला होता; गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि डब्यासकट सांदच बुजली. तेव्हापासून मी बिनडब्याचाच खेळ खेळते आणि नाशिकला तोच शोभतो असं माझं मत आहे.

यात डब्याऐवजी जागाच शोधायची असते. दिलेल्या अक्षांश-रेखांशावर जायचं, तिथं काहीतरी नीट बघायचं आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं. जुना प्रकार म्हणजे व्हर्च्युअल कॅश, पण 2005 पासून तो सरसकट कुणालाही नव्याने टाकता येत नाही. तुमच्या कामाचे दोन. अर्थकॅश (इथं 'अर्थ' म्हणजे पृथ्वी) 2004 पासून आहे. तिचा विषय भूशास्त्रच हवा आणि उत्तरं कॅशच्या मालकाला पाठवायची. दुसरा अ‍ॅडव्हेंचर लॅब: अ‍ॅपमधून एकेक ठिकाण उघडत जातं आणि उत्तर तिथल्या तिथे तपासलं जातं. ती बनवायला मात्र खेळ चालवणाऱ्या कंपनीकडून क्रेडिट, म्हणजे बनवण्याची मुभा, मिळालेली असावी लागते. म्हणून सुरुवात अर्थकॅशने करा.

जागा? पांडवलेणी, नाशिकची डोंगरात कोरलेली जुनी लेणी. पायऱ्या चढून गेल्यावर लोक थेट मूर्तींकडे जातात. तुम्ही त्यांना कातळाकडे वळवा. भिंतीच्या जवळ जाऊन पाहिलं की काळ्या दगडात बारीक बारीक पोकळ्या दिसतात, काही रिकाम्या, काहींत पांढरा खडा बसलेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. पुढे त्यांत खनिजं साठत गेली. नाशिकच्या आसपासच्या खाणींतले स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे सुंदर स्फटिक असल्याच पोकळ्यांतून निघतात. आता प्रश्न असा विचारा: सगळ्यात मोठी पोकळी तुमच्या बोटाच्या पेरापेक्षा मोठी की लहान? भरलेल्या जास्त की रिकाम्या? बोट भिंतीला न लावता, नुसतं समोर धरून मोजायला सांगा. हे संरक्षित स्मारक आहे, तिथं डबा लपवणं तर सोडाच, खरवडणंही नको. अर्थकॅशलाही जिथं लागते तिथं परवानगी आधी घ्यावी.

खरी मेहनत प्रश्नातच आहे. पहिल्यांदा मी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसाठी विचारलं होतं, मारुतीला तोंडं किती? मैत्रीण म्हणाली, "अगं, नावातच उत्तर आहे!" घरी बसून देता आलं तर तो प्रश्न वाया. मग विचार केला, पाणी आज मारुतीच्या कुठपर्यंत आहे ते विचारावं. गोदेचा पूर नाशिककर याच मारुतीवरून मोजतात: कंबरेला लागलं, छातीला लागलं, गळ्यापर्यंत आलं. पण हे उत्तर रोज बदलतं, आणि लॅबला ठरलेलं उत्तर हवं. शिवाय असल्या प्रश्नापायी कुणी भर पुरात घाटावर उतरलं तर? मी तो काढूनच टाकला. नदीकाठचं काहीही करा, पावसाळ्यात ते बंद ठेवा.

लेण्यांवर लॅब करायची झाली तर क्रमांक 3 चं लेणं घ्या. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख तिथलाच. पण प्रश्न बाहेरच्या यक्षांवर विचारा, ते ओसरीचा भार खांद्यावर घेऊन उभे आहेत. किती आहेत ते नेटवर सापडतं, म्हणून चेहऱ्याकडे बघायला लावा. तिथं माणूस आपोआप पाच मिनिटं थांबतो.

पंचवटीच्या बोळांत जीपीएस वीस-तीस पावलं इकडेतिकडे सरकतो, त्यामुळे लॅबमध्ये ज्या वर्तुळात आल्यावर ठिकाण उघडतं, ते तिथं जरा मोठं ठेवा. आणि मजकूर आधी मराठीत लिहा, इंग्रजी त्याच्याखाली. पांडवलेणीला रविवारी पोरंबाळं घेऊन येणाऱ्या घरांना तो आधी वाचता आला पाहिजे.