ठाण्यात जुनी मराठी भयकथांची पुस्तकं कुठे मिळतील आणि पावसाळ्यात ती जपायची कशी?

नारायण धारपांपासून (1925–2008) सुरुवात करा. त्यांच्या बऱ्याच पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या आल्या आहेत, त्यामुळे कथा वाचायला मिळतात. दुर्मीळ आहेत त्या मूळ प्रती, जुन्या मुखपृष्ठांसकट.

त्या मला जास्त करून रद्दीवाल्यांकडे आणि बंद पडलेल्या वाचनालयांच्या गठ्ठ्यांत मिळाल्या. नौपाड्यातल्या रद्दीवाल्याला नंबर देऊन ठेवा, जुनी घरं रिकामी होतात तेव्हा फोन येतो. माझी सगळ्यात लाडकी प्रत अशीच आली. आत वाचनालयाचा जांभळा शिक्का, तारखांची चिठ्ठी आणि कथेच्या शेवटी पेन्सिलीने, बाईमाणसाच्या अक्षरात वाटावं असं, ‘रात्री वाचू नये’. कोरी प्रत दिली तरी मी ही देणार नाही. म्हणून शिक्के खोडू नका, फाटलेल्या पानांना सेलोटेप तर मुळीच लावू नका. त्याचा डिंक पिवळा पडून कागद खातो.

खरा शत्रू आपली हवा. स्वस्त कागद आम्लामुळे आपोआप ठिसूळ होतो, त्यात जुलैची ओल म्हणजे बुरशी आणि कसर. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका. कीड दिसली तर पुस्तक प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका.

भयावह वस्तूही जमवणार असाल, तर वाघाची खरी नखं, बिबट्याचे दात यांना हात लावू नका. 1972च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.