यंत्रं नव्हती तेव्हा रेल्वेचे रूळ हातानं कसे टाकत? ते काम म्हणजे नुसती अंगमेहनत होती का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो: नाही. ताकद लागायचीच, पण नुसत्या ताकदवान माणसाला जुने मुकादम पहिले काही महिने तगारीच उचलायला लावत. मी इंदूरचा, रेल्वेच्या रूळ-देखभाल खात्यात सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. उमेदवारी महू-खंडवा मीटर गेजवर (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गावर) गेली, तेव्हा हे सगळं हातानंच चालायचं.

हा मार्ग 1870 च्या दशकातला. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यासाठी इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजानं, 101 वर्षांच्या मुदतीनं एक कोटी रुपये दिले होते. पातालपाणी ते कालाकुंड घाटात चढ चाळीसाला एक, म्हणजे चाळीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. तो कातळ कोणी फोडला, त्या मजुरांची नावं मात्र कुठं वाचायला मिळत नाहीत.

रूळ टाकणं त्यातल्या त्यात सरळ काम. भरावावर लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, मांडायचे. मीटर गेजचा स्लीपर 1.8 मीटरचा, एका गड्याच्या खांद्यावर येई. रूळ 12 मीटरचा, 60 पौंडी (यार्डाला 60 पौंड वजनाचा) म्हटला तर साडेतीनशे किलोंच्या वर. डझनभर माणसं चिमट्यांनी तो उचलत आणि मुकादमाच्या हाकेवरच खाली सोडत. एकानं आधी सोडला की दुसऱ्याच्या पायाची बोटं गेलीच. मग गिरमिटानं भोकं पाडायची, गेज लावून अंतर बघायचं आणि घणानं डॉग स्पाइक, म्हणजे रूळ धरून ठेवणारे जाड खिळे, ठोकायचे. दोन रुळांच्या मध्ये लोखंडी पट्टी धरून फट ठेवायची, कारण तापमानातल्या 40 अंशांच्या फरकानं 12 मीटरचा रूळ साडेपाच मिलीमीटर वाढतो. दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे चार बोल्ट कसले की पुढचा रूळ.

खरी कसोटी त्यानंतर, रोजच्या देखभालीत. गाड्या जाऊन जाऊन स्लीपरखालची गिट्टी (खडी) बसते. मुकादम लांब जाऊन गुडघ्यावर बसायचा, गाल रुळाला लावून एक डोळा मिटायचा आणि खोलगट जागा हातानं दाखवायचा. तिथं सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, रूळ वर घ्यायचा, की एका स्लीपरला चार जण बीटर, म्हणजे गिट्टी ठासायचं टिकावासारखं अवजार, घेऊन भिडत. दोन्ही रुळांच्या खाली, समोरासमोरून तिरपे घाव घालून गिट्टी ठासायची. स्लीपरच्या मध्यभागी मात्र ठासायची नाही, नाहीतर तो मध्यावर टेकून गाडी डुलते. नवखे हमखास तिथंच जोर काढत! शेवटी स्लीपरवर ठोका मारून बघायचं. पोकळ राहिला असेल तर मडक्यासारखा बोलतो. आमच्या एका मुकादमाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दोन स्लीपर पलीकडून तो सांगे, ‘‘ओ साहेब, वो खाली है.’’ खोदून पाहिलं की जागा पोकळच असे.

घाव एका तालात पडावेत म्हणून एक जण हाळी द्यायचा आणि बाकीचे ‘हईशा’ ओढत. हाळीतले शब्द जागच्या जागी जुळवलेले, बहुतेक साहेबांवर, म्हणजे माझ्यावरच. इथं लिहिण्यासारखे नाहीत.

घाटात वळणं फार. तिथं वळणाचा बाक तपासायला दोरी लागे. 20 मीटरची दोरी रुळाच्या आतल्या कडेला ताणायची आणि मधोमध रूळ दोरीपासून किती दूर राहतो ते पट्टीनं मोजायचं. 200 मीटर त्रिज्येच्या वळणावर ते 250 मिलीमीटर भरायला हवं. ठिकठिकाणी आकडा वेगळा आला की सब्बली लावून अख्खा ट्रॅक सरकवायचा, तोही दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, दोन्हीकडे लाल झेंडी आणि रुळावर चाकाखाली फुटून चालकाला इशारा देणारे पटाखे लावून. उन्हाळ्यात भर दुपारी गिट्टी उकरायची सक्त मनाई, कारण तापलेला रूळ मोकळा झाला की नागमोडी होतो.

चाबीदाराची, म्हणजे रुळाची रोज तपासणी करणाऱ्याची, तऱ्हा वेगळी. तो एकटाच हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन रोज सगळी हद्द पायी चालायचा, जाताना एका रुळावर नजर ठेवून आणि येताना दुसऱ्या. पावसाळ्यात रात्रीची गस्त निराळी. घाटात दगड आला की कंदील दाखवून गाडी थांबवणारा गस्तवाला हाच एक माणूस. या कामाला आम्ही शहाणे बाबू ‘हलकं काम’ म्हणायचो.

आता काँक्रीटचा ब्रॉडगेज स्लीपर अडीचशे किलोंहून जड. तो खांद्यावर घेणं शक्यच नाही, म्हणून यंत्रं आलीच पाहिजेत आणि आली ते बरं झालं. त्या काळाचं कौतुक करणाऱ्यांनी मे महिन्यात एक दिवस बीटर धरून बघावा. तरी गिट्टी ठासणारं टॅम्पिंग मशीन प्रत्येक ठिकाणी पोहोचत नाही. फाटकापाशी किंवा पुलाच्या तोंडाशी आजही थोडं काम माणसंच करतात.