वडिलांच्या .३२ रिव्हॉल्व्हरला गंज आणि ओरखडे आलेत. घरीच साफ करून वरचा काळा रंग परत आणता येईल का?

चिंच लावू नका, हे पहिलं. लिंबू, व्हिनेगर, राख, विटेची पूड यातलं काहीच नको. शेजाऱ्यांनी तुम्हाला ‘पितळेच्या गुंडासारखी चिंचेनं घासून घ्या’ असं सुचवलंय, ते वाचलं अन् चहाचा कप खाली ठेवून लिहायला बसलो. हाच सल्ला माझ्या घरात २०१९ पासून मुक्कामाला आहे.

माझीही बाबांचीच. .३२, कानपूरच्या सरकारी कारखान्यातली. बाबा कापसाचे व्यापारी. हंगामात रोकड घेऊन यवतमाळ जिल्ह्यातली खेडी फिरायचे, म्हणून परवाना काढलेला. पुढे तो वारसानं माझ्या नावावर झाला. तिच्यातून गोळ्या सुटल्या असतील त्या बोटावर मोजण्याइतक्या, पण तेल कधी चुकलं नाही. अमावास्येला बैलांना सुट्टी असते, त्या दिवशी बाबा जुन्या धोतराचा तुकडा अन् शिवणयंत्राचं तेल घेऊन ओसरीत बसायचे. वीस मिनिटांचं काम.

२०१९ च्या विधानसभेची आचारसंहिता लागली, हत्यार जमा करायचा निरोप आला. मी जमा केली ती चामड्याच्या होल्स्टरसकट. त्या वर्षी दिवाळीतही पाऊस थांबला नव्हता, उभ्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले होते. निकालानंतर घरी आणून उघडली तर नळीच्या डाव्या अंगाला, जिथं चामडं चिकटून होतं तिथं, तीळ सांडावेत तसे तांबूस ठिपके. अन् चक्रीवर एक आडवा ओरखडा. ठाण्यातल्यांनी वाट लावली असं आमचे भाऊजी आजही सांगत फिरतात. ओरखड्याचं मला माहीत नाही, गंज मात्र माझ्या होल्स्टरचा. चामडं ओल धरून ठेवतं, शिवाय कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात उरतात, ती लोखंडाला खातात. हत्यार होल्स्टरमध्ये घालून न्यायचं असतं, ठेवायचं नसतं.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. तालुक्याला वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, त्यामुळे जगातलं सगळं लोखंड एकच अशी त्यांची ठाम समजूत. दिवाळीला आलेले, मुक्काम वाढलेला. मी म्हटलं, नुसतं तेल लावून ठेवतो, मग बघू. ते म्हणाले, “अरे गंज म्हंजे गंज, तो निंघालाच पायजे. तू काहून घाबरून राह्यला?” बायकोनं वरणासाठी चिंच भिजत घातली होती, ती वाटी ओसरीत आली. चिंच झाली, राख झाली, मग खिशातून झिरो नंबरचा पॉलिश पेपर निघाला. जवाई माणूस, हातातून हिसकता येत नाही. अर्ध्या तासात रिव्हॉल्व्हर स्टीलच्या तांब्यासारखी पांढरी. “पाहा, कशी चमकून राह्यली!”

सकाळी बोट फिरवलं तर बोटाला हळद लागावी तसा पिवळट-तांबूस थर. पूर्ण अंगभर. आधी ठिपके होते, आता अख्खी गंजली.

गोष्ट अशी आहे की ब्लूइंग, म्हणजे हत्यारावरचा तो काळा थर, हा रंग नव्हेच. तोही लोखंडाचा ऑक्साइडच, फक्त काळा, मॅग्नेटाइट. लाल गंज फुगतो, पापुद्रे सोडतो, ओल धरतो. काळा थर पातळ असतो, घट्ट बसतो अन् तेल धरतो. आंबट पदार्थाला यातला फरक कळत नाही, तो दोन्ही खातो. बाजारात मिळणारी फॉस्फोरिक आम्लाची गंज काढणारी औषधंही तेच करतात. हे मी भाऊजींना तीनदा समजावलंय.

२०२१ ला नूतनीकरणाच्या वेळी तपासणीत मोबाइलचा टॉर्च मारून नंबर वाचायला घेतला, तर शेवटचा आकडा ३ की ८, कळेना. पॉलिश पेपरची कृपा. माझ्या पोटात गोळा आला. आर्म्स ॲक्टच्या कलम ८ प्रमाणे हत्यारावरची ओळखखूण खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे, अन् तिथं ‘जवायानं घासली’ हे उत्तर चालत नाही. खरेदीची जुनी पावती बाबांनी जपून ठेवलेली, तिच्यावरून जुळलं.

नंतर नागपूरला परवानाधारक कारागिराकडे दिली. गरम ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोडा अन् नायट्रेटच्या उकळत्या मिश्रणात, १४० अंशांच्या आसपास. त्याआधी पॉलिश करावं लागतं, पण नंबरची जागा त्यानं मुद्दाम सोडली. तिथं अजून थोडी फिकट दिसते. दिसू दे. दर दसऱ्याला पूजेत ठेवली की भाऊजी म्हणतात, “माह्या हातची जास्त चमकत होती.” ताई मला डोळ्यानं गप्प करते.

तुमचं काय करायचं ते सांगतो. ठिपक्यांवर शिवणयंत्राचं तेल टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी चार शून्यांची स्टील वूल (०००० नंबरची, अगदी बारीक पोलादी लोकर; भांड्याची तारेची घासणी नव्हे) तेलातच हलक्या हातानं फिरवा अन् फडक्यानं पुसत राहा. फडक्यावर तांबूस यायचं थांबलं की तुम्हीही थांबा. खाली खड्डे दिसतील, ते तसेच सोडा. जवसाचं तेल चुकूनही नको, ते वाळून चिकट होतं अन् घोडा जाम होतो. लाकडी मुठीला मात्र चालतं.

ओरखड्यांसाठी कोल्ड ब्लूची, म्हणजे न उकळता लावायच्या ब्लूइंगच्या औषधाची, बाटली मिळते. जागा थिनरनं तेलमुक्त करायची, थोडी कोमट करायची, बोळ्यानं लावायचं, पुसायचं, धुवायचं, वाळवून तेल द्यायचं. बारीक रेघ झाकते. मोठ्या जागेवर लावाल तर ठिगळ दिसेल अन् हाताच्या घामानं वर्षभरात उडेल. त्यात सेलेनियमची विषारी संयुगं असतात, म्हणून हातमोजे घाला, अंगणात बसा, स्वयंपाकघरात नको.

याच्यापुढचं काम परवाना असलेल्या कारागिराचंच. कलम ५ प्रमाणे हत्यारांच्या दुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो, ओळखीच्या लेथवाल्याकडे टाकू नका. पावती घ्या, जपा.

हो, एक राहिलं. हे सगळं ब्लूइंग केलेल्या पोलादाबद्दल आहे. तुमची निकेल चढवलेली असेल तर कोल्ड ब्लू तिच्यावर चढणारच नाही, अन् ‘निर्भीक’ (कानपूरचीच हलकी .३२ रिव्हॉल्व्हर) असेल तर ती टायटॅनियमच्या मिश्रधातूची, तिला ही कृती लागू नाही. अन् इथं फोटो टाकाल तर नंबरवर बोट ठेवून काढा.