अतिजड मूलद्रव्यांचा सिद्धांत आणि पोटाचा प्रश्न

आपले पत्र वाचले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलीला अतिजड मूलद्रव्यांच्या (केंद्रकात शंभराहून अधिक प्रोटॉन असलेल्या, प्रयोगशाळेत घडवलेल्या मूलद्रव्यांच्या) निर्मितीची सैद्धांतिक प्रारूपे मांडण्यात संशोधन करायचे आहे, आणि जे अणू सेकंदभरही टिकत नाहीत त्यांचा कागदावर हिशेब करून पोट कसे भरणार, असे आपण विचारले आहे. आपली काळजी रास्त आहे, परंतु हा हिशेब निरुपयोगी नाही.

जपानच्या रिकेन संस्थेने बिस्मथवर जस्ताच्या केंद्रकांचा मारा करून 113 क्रमांकाचे (म्हणजे 113 प्रोटॉनचे) निहोनियम घडवले, तेव्हा 2004 ते 2012 या काळात त्यांच्या हाती अवघे तीन अणू लागले. झोताची ऊर्जा कमी पडली तर केंद्रके एकमेकांना भिडत नाहीत आणि जास्त झाली तर जुळलेले केंद्रक तापून फुटते. त्यामुळे महिनोन्‌महिने यंत्र चालवण्याआधी कोणती जोडी घ्यावी आणि तिला किती ऊर्जा द्यावी, याचा अंदाज कोणीतरी बांधून द्यावा लागतो. केंद्रके परस्परांना पकडतील का, पकडल्यावर एकजीव होतील का आणि एकजीव झालेले केंद्रक न फुटता, केवळ काही न्यूट्रॉन टाकून टिकेल का, अशा तीन टप्प्यांच्या शक्यतांचा गुणाकार करून हा अंदाज काढतात. खरी गोम मधल्या टप्प्यात आहे. बहुतेक जोड्या थोडी देवाणघेवाण करून एकजीव होण्याआधीच विलग होतात. याला क्वासी-फिशन म्हणतात, आणि इथे निरनिराळ्या प्रारूपांच्या उत्तरांत दहापट, कधी शंभरपट फरक पडतो. शिवाय कॅल्शियम-48 च्या (48 वस्तुमानांकाच्या कॅल्शियमच्या) झोताने 118 क्रमांकापर्यंत मजल मारली असली, तरी त्यापुढे ज्यावर झोत सोडायचा ते लक्ष्यद्रव्यच पुरेसे मिळत नाही. म्हणून 2024 मध्ये अमेरिकेतील बर्कलीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम-50 वापरून 22 दिवसांत 116 क्रमांकाच्या मूलद्रव्याचे दोन अणू मिळवले. कॅल्शियमच्या आकड्यांवर बेतलेल्या प्रारूपांची खरी परीक्षा आता सुरू झाली आहे.

नोकरीबाबत मात्र गोड बोलण्यात अर्थ नाही. निव्वळ सिद्धांताच्या जागा आपल्याकडे मोजक्याच आहेत. म्हणून तिने एखाद्या मूलद्रव्यावर नव्हे, तर केंद्रकीय अभिक्रिया आणि संगणकीय पद्धती यांवर पकड मिळवावी. दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि मुंबईचा टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) यांचा पेलेट्रॉन हा त्वरक येथे विखंडनाचे व क्वासी-फिशनचे प्रयोग होतात. त्या गटांशी मिळून काम करणारा मार्गदर्शक शोधावा, कारण ज्याची गणिते प्रयोगाच्या आकड्यांवर घासली जात नाहीत, त्याच्याकडे पीएच.डी. करणे मला जोखमीचे वाटते. एम.एस्सी.नंतर मन बदललेच, तर भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका रुग्णालयातील स्थिर नोकरीकडे नेते.

तूर्त तिने जॅमची (एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेची) तयारी करावी, आणि कॅल्शियम-48 व बर्केलियम-249 यांच्यातील कूलोम अडथळा (धनभारित केंद्रकांच्या परस्पर-प्रतिकर्षणामुळे उभी राहणारी ऊर्जेची भिंत) स्वतः प्रोग्रॅम लिहून काढावा. उत्तर 200 एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेच्या एककात) आसपास यायला हवे. त्रिज्येचे सूत्र बदलले की ते किती हलते, हे तपासताना तिला कंटाळा येतो की आणखी प्रश्न पडतात, ते मला अवश्य कळवावे.