लिओनार्दोच्या चित्रातली वार गाईची

प्रश्न : लिओनार्दो दा विंचीने काढलेलं गर्भाशयातल्या बाळाचं चित्र मुलीच्या पुस्तकात पाहिलं. त्या काळी इतकं अचूक कसं काय जमलं? आणि आईचंच रक्त नाळेतून बाळाच्या अंगात खेळतं ना?

उत्तर : दुसऱ्याचं आधी सांगते : नाही.

आता चित्र. १५११च्या सुमाराचं ते बाळ झकासच आहे, गुडघ्यांत मान घालून बसलेलं. पण नजर जरा वारेकडे न्या, म्हणजे गर्भाशयाला चिकटलेल्या आणि नाळेने बाळाला जोडलेल्या अवयवाकडे. माणसाची वार म्हणजे एकच गोल चकती, पूर्ण दिवसांची असेल तर साधारण अर्धा किलोची. लिओनार्दोने मात्र सुटे सुटे उंचवटे दाखवलेत. तशी वार गाईची असते, आणि गाभण गाईचं गर्भाशय त्याने उघडून पाहिलेलं होतं. मी त्याला नावं ठेवणार नाही. गरोदर बाईचा मृतदेह विच्छेदनाला मिळणं दुर्मीळच.

माझं मन खरं जडलंय ते शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटरच्या, गरोदर गर्भाशयावरच्या १७७४च्या ग्रंथावर. पानभर चित्रांचे चौतीस फलक, बहुतेक चित्रकार यान फान रिम्सडाइकच्या हातचे. पठ्ठ्याने गर्भवेष्टनाच्या ओल्या पडद्यावर पडलेलं खिडकीचं प्रतिबिंबसुद्धा सोडलेलं नाही! पोटाखाली मांड्या मात्र खाटकाच्या दुकानातल्यासारख्या कापलेल्या. वर्गात ते पान उघडलं की मुलं गप्प होत. त्या बायकांची नावं ग्रंथात नाहीत. हे मला आजही खटकतं.

तुमच्या रक्ताच्या प्रश्नाचा निकालही हंटर बंधूंच्या, म्हणजे विल्यम आणि त्याचा भाऊ जॉन यांच्या, टेबलावर लागला. त्यांनी रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरलं. आईकडून भरलेलं बाळाच्या वाहिन्यांत उतरेना, नाळेतून भरलेलं आईकडे जाईना. म्हणजे रक्ताभिसरणं दोन, आणि वेगवेगळी. वारेतून बाळाच्या बाजूचे असंख्य बारीक अंकुर निघतात आणि आईच्या रक्तात बुडून राहतात. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, काही प्रतिद्रव्यं (अँटीबॉडीज) बाळाकडे येतात. कार्बन डायऑक्साइड, युरिया उलट जातात. नाळेत दोन रोहिण्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या) आणि एक नीला (हृदयाकडे रक्त आणणारी). एरवी प्राणवायूचं रक्त रोहिण्यांतून वाहतं, इथे मात्र ते नीलेतून येतं. तोंडी परीक्षेत निम्मी मुलं इथेच गळायची.

म्हणूनच आई-बाळाचे रक्तगट वेगळे असले तरी सहसा बिघडत नाही. प्रसूतीच्या वेळी मात्र बाळाचं थोडं रक्त आईकडे जाऊ शकतं. आर-एच निगेटिव्ह रक्तगटाच्या आईचं बाळ पॉझिटिव्ह निघालं, तर तिच्या शरीराने त्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवू नयेत म्हणून तिला ७२ तासांच्या आत अँटी-डी नावाचं इंजेक्शन देतात.