अंगावरून काही जात नाही म्हणून थांबू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमची लॅब्रेडॉर कुत्री सात वर्षांची आहे, माज संपून महिना झाला, चार दिवस सारखी पाणी पितेय, रात्री घरातच लघवी होतेय, खाणं निम्म्यावर आलंय, पण अंगावरून काही जात नाही, मग रविवारपर्यंत वाट बघू का. नको. आजच जावा, बाकीचं वाटेत वाचा.

हे मला गर्भपिशवीत पू झाल्यासारखं वाटतंय, डॉक्टर पायोमेट्रा म्हणतात ते. माजानंतर कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दोनेक महिने चढलेलंच असतंय, गाभण असो नसो, त्यानं पिशवीचं अस्तर जाड होतं, पिशवी आकसून घाण बाहेर टाकायची थांबते आणि माजात आत शिरलेले जंतू, बहुतेक वेळा ई-कोलाय, तिथंच वाढत बसतात. म्हणून माज संपल्यावर साधारण 2 ते 8 आठवड्यांत हे दिसतं.

आता अंगावरून जाण्याचं. पिशवीचं तोंड उघडं असलं की पू बाहेर येतो, वास मारतो, शेपटीखालचे केस चिकटतात, कुणालाबी कळतं. तोंड मिटलेलं असलं तर थेंब दिसत नाही, सगळं आतच साठतं, विष रक्तात जातं, आणि पिशवी फुटली तर पू सगळ्या पोटात पसरतो. म्हणजे काही न दिसणं हेच जास्त वाईट. आणि पाणी पितेय ती उन्हानं नाही, त्या जंतूंच्या विषानं किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून लघवी जास्त आणि मग तहान. 20 किलोची कुत्री दिवसाला 2 लिटरच्या वर पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे.

आमच्या राणीचं असंच झालेलं. मंगळवार पेठेत आमचं जुनं घर, मागच्या दारात तिचं पातेलं असायचं, सकाळी काठोकाठ भरलेलं दुपारी कोरडं. शेजारची म्हणाली उन्हाळा आहे, एका डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून गोळ्या दिल्या, मीबी तीन दिवस तेच धरून बसलो. रविवारी मटणाचा तुकडा पुढं केला तर हुंगला आणि तोंड फिरवलं, जाऊन शहाबादी फरशीवर हनुवटी टेकून पडली. तवा माझ्या पोटात गोळा आला. दुसरीकडं नेलं, सोनोग्राफी झाली, त्याच रात्री ऑपरेशन. डॉक्टरांनी ट्रेमध्ये काढलेली पिशवी दाखवली, हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी टम्म. राणी वाचली, पण ते तीन दिवस मला अजून टोचतात.

ताप नाही म्हणूनसुद्धा निर्धास्त राहू नका, या आजारात ताप असतोच असं नाही. कुत्र्याचं नॉर्मलच 101 ते 102.5 असतंय, नाकाला हात लावून काही कळत नाही. पोट दाबून बघू नका, आयबुप्रोफेनसारखी माणसांची गोळी तर अजिबात देऊ नका. डॉक्टरांना माजाची तारीख आधी सांगा आणि सोनोग्राफी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, किडनीसाठी क्रिएटिनिन बघायला सांगा. खात्रीचा इलाज म्हणजे सलाईन-अँटिबायोटिक देऊन पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढणं. पिशवी आकसून पू बाहेर काढायला प्रोस्टाग्लँडिनची इंजेक्शनं असतात, पण त्याला वेळ लागतो, तोंड बंद असताना धोक्याची, आणि पुढच्या माजानंतर परत होऊ शकतंय.

दूध उतरणं, कोपऱ्यात अंथरूण उकरणं, बाहुलीला पिल्लू समजून जपणं एवढंच असेल तर ते खोटं गाभणपण, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक आपोआप जातं, फक्त दूध पिळू नका, पिळलं की आणखी उतरतं. तुमचं ते नाही.

धाकटी पण कुत्रीच आहे म्हणताय, तर पिल्लं नको असतील तर तिची पिशवी आधीच काढून घ्या, फक्त माज संपून दोन-तीन महिने झाल्यावर. एकदा पिल्लं होऊ दे मग काढू असं आपल्याकडं सगळे म्हणतात, त्यात तब्येतीचा काही फायदा नाही. आणि माज येऊ नये म्हणून इंजेक्शन देतात ते घेऊ नका, त्यानं हाच आजार ओढवतो.

ऑपरेशन झालं तर गळ्यात कोन घाला, टाके चाटू देऊ नका, 10 ते 14 दिवस जिना-उड्या बंद. सोनोग्राफीत काय निघालं ते रात्री कितीबी वाजले तरी इथं टाका, मी जागा आहे.