सरकारशी वाजलंय, आता काय करू? : वाचकांचे प्रश्न

या वेळीही पत्रं बहुतेक तीच, म्हणून एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न: गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत युनिट आहे. नव्या सरकारने जुन्या स्कीमची सबसिडी अडवलीय. मंत्र्यांना टॅग करून पोस्ट टाकू?

उत्तर: नको.

प्रश्न: मंत्री म्हणाले 'काम होतलें, कोर्टात वचूं नका' (काम होईल, कोर्टात जाऊ नका). वर्षभर निवेदनं देतोय. अजून थांबू?

उत्तर: अहो, किती वेळा सांगायचं! तोंडी शब्दाला पर्वरीच्या सचिवालयात काडीची किंमत नाही, मंत्री बदलला की फाईल परत खालून सुरू होते. आणि निवेदनं देत राहिलं की कोर्टात जायची मुदत वाढते हे कुठल्या चहाच्या टपरीवर ऐकता? सी. जेकब प्रकरणात 2008 सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की निवेदनाला उत्तर आलं म्हणून मुदत गेलेला दावा जिवंत होत नाही. त्यात सरकारवर दिवाणी दावा करायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस, तातडी असेल तर कोर्टाची परवानगी काढून ती टाळता येते, हायकोर्टातल्या रिट अर्जाला ती लागत नाही. लेखी आश्वासनावर पैसे गुंतवले असतील तर मोतीलाल पदमपत शुगर मिल्सचा 1979 चा निकाल कामी येईल, तिथे विक्रीकर माफीचा शब्द सरकारला पाळावा लागला, पण त्यांच्याकडे पत्रं होती, पत्रं! आणि नुसती मर्जी म्हणजे हक्क नव्हे. आपल्या खाणवाल्यांकडे तर रिन्यूअलचे कागदही होते, 88 लीजचे, 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने सगळे रद्द केले आणि मार्चमध्ये खाणी बंद. सगळी फाईल घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.

प्रश्न: एक 'वट' असलेला माणूस कॅश मागतोय, म्हणतो पार्टीफंडात दाखवू.

उत्तर: कंपनीला पार्टीला कॅश देताच येत नाही, बोर्डाचा ठरावही लागतो. वरून ती लाच ठरली तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर कंपनीसुद्धा आरोपी. सीएला विचारा, त्या माणसाला नको.

प्रश्न: प्लांट बेळगावला नेतो अशी धमकी द्यावी का?

उत्तर: खरंच नेणार असाल तरच बोला. टाटांनी 2008 मध्ये नॅनोचा प्लांट बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातेत साणंदला नेला, त्यांच्या बाजूने लवादाचा 765.78 कोटींचा निवाडा आला 2023 मध्ये. त्यांना पंधरा वर्षं झेपली, तुमची बँक हप्त्यासाठी तेवढी थांबेल? आधी जमिनीचं लीज वकिलाकडून वाचून घ्या, ट्रान्सफर आणि लवादाची कलमं खास.

प्रश्न: कामगारांना मोर्चाला पाठवू?

उत्तर: मुळीच नाही.